प्रणाली-परीक्षकांचे व्यावसायिक प्रमाणन

प्रणाली-परीक्षकांचे व्यावसायिक प्रमाणन : एखाद्या संस्थेची व्यवस्थापन प्रणाली विहित मानकास अनुसरून आहे की नाही, हे तपासण्याचे काम ज्या व्यक्तीकडे सोपवावयाचे, तिची पात्रता पडताळून तिला ठराविक श्रेणी देण्याची पद्धत. मालाची तपासणी आणि प्रणालीची तपासणी या दोन भिन्न गोष्टी होत. मालाचा तपासनीस दांड्याचा व्यास मोजतो. ते मोजमाप कोणी, कोणत्या उपकरणाने व कोणत्या लेखी सूचनेनुसार करावयाचे ठरले होते आणि प्रत्यक्षात तसे झाले काय, हे प्रणाली-परीक्षक पुराव्यानिशी पाहतो. मराठीत ‘लेखापरीक्षण’ हा शब्द हिशेबांच्या तपासणीसाठी रूढ आहे. कारखान्यांत व कचेऱ्यांत मात्र प्रणालीच्या तपासणीलाही सर्रास ‘ऑडिट’ आणि ती करणाऱ्यास ‘ऑडिटर’ असेच म्हणतात. प्रस्तुत नोंदीत ‘परीक्षण’ व ‘परीक्षक’ हे शब्द या मर्यादित अर्थाने वापरले आहेत.

परीक्षण तीन प्रकारांनी होते. संस्था आपल्याच कर्मचाऱ्यांकडून करविते ते अंतर्गत परीक्षण. ग्राहक आपल्या पुरवठादाराचे करतो ते दुसऱ्या पक्षाचे. आणि या दोहोंशी संबंध नसलेली प्रमाणन संस्था करते ते तिसऱ्या पक्षाचे परीक्षण होय. परीक्षकांच्या श्रेणींचा प्रश्न मुख्यतः या तिसऱ्या प्रकारातून उद्भवला. येथे दोन प्रमाणपत्रांची गल्लत होऊ न देणे अगत्याचे आहे. कारखान्याच्या दर्शनी भिंतीवर चौकटीत लावलेले प्रमाणपत्र संस्थेचे असते. परीक्षकाचे प्रमाणपत्र व्यक्तीचे असते. पहिल्याचे मोल दुसऱ्यावर अवलंबून असते, पण दुसरे फारसे कोणाच्या दृष्टीस पडत नाही. प्रमाणपत्राच्या भरवशावर माल घेणाऱ्या ग्राहकाने किंवा त्या कारखान्यात राबणाऱ्या कामगाराने परीक्षकाला बहुधा कधी पाहिलेलेही नसते. तरीसुद्धा त्यांच्या हिताचा काही भाग त्याच्या दोन-चार दिवसांच्या भेटीवर सोपविलेला असतो.

उगम : तयार माल अखेरीस तपासून दोष वेगळे काढण्याची रीत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या गुंतागुंतीच्या शस्त्रसामग्रीला अपुरी पडू लागली. म्हणून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या संरक्षण खात्याने १९५९ मध्ये ‘मिल-क्यू-९८५८’ हे विनिर्देशपत्रक काढून कंत्राटदाराच्या संपूर्ण गुणवत्ता-व्यवस्थेवरच अटी घातल्या. त्याची सुधारित आवृत्ती १९६३ मध्ये निघाली. नाटो राष्ट्रसंघटनेने १९६८ मध्ये याच धर्तीवर आपली प्रकाशने सुरू केली आणि ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाने १९७३ मध्ये ‘डेफ स्टॅन ०५-२१’ हे मानक लागू केले. या काळातील परीक्षक हे सरकारी नोकर होते. त्यांची पात्रता सरकार ठरवी, चुकल्यास जाबही सरकारच विचारी. त्यामुळे त्यांना वेगळ्या प्रमाणपत्राची गरज भासली नाही.

नागरी उद्योगांत परिस्थिती निराळी होती. ब्रिटनमधील प्रत्येक मोठा खरेदीदार आपापली मानके घेऊन पुरवठादाराकडे आपले परीक्षक धाडी. एकाच लहान कारखान्यात वर्षभरात अनेक परीक्षक येऊन जवळजवळ तेच प्रश्न विचारीत. सर फ्रेडरिक वॉर्नर यांच्या १९७७ च्या अहवालाने या विखुरलेपणावर बोट ठेवले. त्यानंतर १९७९ मध्ये ब्रिटिश मानक संस्थेने ‘बीएस ५७५०’ हे सर्व उद्योगांना लागू पडणारे मानक प्रसिद्ध केले. मानके, गुणवत्ता व आंतरराष्ट्रीय स्पर्धा या विषयावरील ब्रिटिश सरकारची श्वेतपत्रिका १९८२ मध्ये निघाली. स्वतंत्र प्रमाणन संस्थांनी एकदाच परीक्षण करावे व सर्व खरेदीदारांनी ते मानावे, असे धोरण यातून पुढे आले. एकाचा निर्णय सर्वांनी मानावयाचा म्हटल्यावर तो निर्णय देणारा माणूस कोण, हा प्रश्न अपरिहार्य झाला.

हिशेबतपासनिसांच्या व्यवसायाला हा प्रश्न शंभर वर्षे आधी पडला होता. इंग्लंड व वेल्समधील सनदी लेखापालांच्या संस्थेला १८८० मध्ये राजसनद मिळाली. मुंबई सरकारने १९१८ मध्ये लेखाकर्माची शासकीय पदविका सुरू केली आणि पुढे १९४९ च्या सनदी लेखापाल अधिनियमाने भारतातील या व्यवसायाला कायद्याची बैठक दिली. उमेदवारी, परीक्षा, सभासदत्व, शिस्तभंगाची कारवाई हा क्रम तेथे विधिमंडळाने ठरविला. प्रणाली-परीक्षकाच्या वाट्याला असा कायदा आला नाही. सनदी लेखापाल नसलेल्या माणसाने कंपनीच्या ताळेबंदावर लेखापरीक्षक म्हणून सही केल्यास तो गुन्हा ठरतो. प्रणाली-परीक्षकाच्या बाबतीत बहुतेक देशांत असा निर्बंध नाही. त्याच्या श्रेणी या बाजाराने मानल्या तोवर चालणाऱ्या श्रेणी होत, हे त्यांच्या पुढील इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

ब्रिटनमधील नोंदपट : सरकारी धोरणाचा भाग म्हणून १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये गुणवत्ता-प्रणालींच्या परीक्षकांचा राष्ट्रीय नोंदपट सुरू झाला. तो चालविण्याचे काम गुणवत्ता हमी संस्थेकडे देण्यात आले. ही संस्था मूळची १९१९ साली स्थापन झालेली तांत्रिक तपासनिसांची संघटना. तिला २००६ मध्ये राजसनद मिळून ती सनदी गुणवत्ता संस्था झाली. नोंदपटाचे पुढे १९९०–२००० या दशकात प्रमाणित परीक्षकांचा आंतरराष्ट्रीय नोंदपट असे नामांतर झाले आणि ‘आयआरसीए’ या आद्याक्षरांनी तो जगभर ओळखला जाऊ लागला.

नोंदपटाच्या मूळ पायऱ्या तीन होत्या. शिक्षण, उद्योगातील अनुभव आणि मान्य अभ्यासक्रम पूर्ण केलेला, परंतु प्रत्यक्ष परीक्षणे न केलेला उमेदवार ‘प्रोव्हिजनल’ म्हणजे तात्पुरता परीक्षक होई. ठराविक परीक्षणे जाणत्याच्या देखरेखीखाली केली की तो ‘ऑडिटर’ होई आणि परीक्षक-गटाचे नेतृत्व करून दाखविल्यावर ‘लीड ऑडिटर’ म्हणजे प्रमुख परीक्षक. आरंभीच्या काळात ‘ऑडिटर’ऐवजी ‘असेसर’ हा शब्द वापरीत. दीर्घ अनुभवी परीक्षकांसाठी ‘प्रिन्सिपल ऑडिटर’ ही वरची पायरी आणि संस्थेंतर्गत काम करणाऱ्यांसाठी वेगळी श्रेणी यांची नंतर भर पडली. ‘प्रोव्हिजनल’ या नावाची जागा पुढे ‘असोसिएट’ या नावाने घेतली. बदललेल्या नावामुळे उमेदवाराची अडचण मात्र दूर झाली नाही. तिचा उल्लेख पुढे येईल.

अभ्यासक्रम पाच दिवसांचा, किमान चाळीस तासांचा असे. वर्गात वीसपेक्षा अधिक विद्यार्थी घेता येत नसत. मानकातील कलमांचा अर्थ लावणे, बनावट कारखान्याच्या कागदपत्रांतून विसंगती शोधणे, आरंभ-सभा व समारोप-सभा चालविणे, विसंगतीची नोंद पुराव्यासह एका परिच्छेदात लिहिणे, असे त्याचे स्वरूप होते. शिक्षक पाचही दिवस विद्यार्थ्याच्या वागण्याचे मूल्यमापन करीत व अखेरीस लेखी परीक्षा होई. शिकविणारी संस्थाच परीक्षा घेत असे, हा या रचनेतील कच्चा दुवा होता. व्यक्तींच्या प्रमाणनासंबंधीचे ‘आयएसओ/आयईसी १७०२४’ हे मानक २००३ मध्ये आल्यावर शिक्षण व परीक्षा यांच्या निःपक्षपाती फारकतीचा आग्रह वाढला.

दिवसांचे माप : आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेने १९८७ मध्ये ‘आयएसओ ९०००’ मालिका प्रसिद्ध केली व प्रमाणपत्रांची मागणी ब्रिटनबाहेर पसरली. परीक्षणासंबंधीचे ‘आयएसओ १००११’ हे मानक तीन भागांत १९९० व १९९१ मध्ये निघाले. त्याचा दुसरा भाग केवळ परीक्षकाच्या पात्रतेला वाहिलेला होता. किमान माध्यमिक शिक्षण. चार वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव व त्यातील निदान दोन वर्षे गुणवत्ता-हमीच्या कामात. किमान चार परीक्षणांत मिळून वीसपेक्षा कमी नाही इतके दिवस सहभाग, अशा त्यातील अटी होत्या. प्रमुख परीक्षक होण्यासाठी पात्र परीक्षक म्हणून आणखी तीन पूर्ण परीक्षणे करावी लागत.

हे आकडे कोठून आले, याला कोणतेही गणिती प्रमाण नाही. जाणत्या परीक्षकांनी आपापल्या अनुभवावरून एकमताने बसविलेला तो अंदाज होता. त्यात एक व्यावहारिक शहाणपण होते, हे मान्य केले पाहिजे. वीस दिवसांत उमेदवाराला चार भिन्न कारखाने, चार भिन्न व्यवस्थापक आणि निदान एक तरी अवघड समारोप-सभा पाहावयास मिळे. प्रत्येक परीक्षणाची नोंद त्याला स्वतःच्या रोजनाम्यात करावी लागे : कारखान्याचा व्यवसाय, कोणत्या मानकाप्रमाणे तपासणी झाली, जागेवर किती दिवस, कागदपत्रांच्या अभ्यासात किती, गटात कितीजण आणि प्रमुख कोण. या नोंदीस प्रमुख परीक्षकाचा किंवा संबंधित संस्थेचा दुजोरा लागे. सुतार किंवा गवंडी आपल्या हाताखालच्या पोराला काही वर्षे कामावर ठेवून मग ‘आता हा कारागीर झाला’ असे सांगतो, त्याच जातीची ही साक्ष होती.

परंतु दिवस मोजणे म्हणजे हजेरी मोजणे. डोळे उघडे ठेवून वीस दिवस काढणारा आणि प्रमुखाच्या मागे वही घेऊन वीस दिवस फिरणारा, या दोघांचा रोजनामा सारखाच दिसे. शिवाय या मापात लहान कारखान्यांवर काम करणाऱ्या परीक्षकाची कुचंबणा होई. आंतरराष्ट्रीय अधिस्वीकृती मंचाने परीक्षणाच्या कालावधीचे जे कोष्टक पुढे ठरविले, त्यानुसार दहापर्यंत माणसे असलेल्या कारखान्याच्या पहिल्या गुणवत्ता-परीक्षणास सर्वसाधारणपणे दोन दिवस धरले जातात. साठ माणसांच्या कारखान्यास पाच. मोठ्या कारखान्यांत चार परीक्षणांनी जी अट पुरी होते, तीच लहान कार्यशाळांत दहा परीक्षणांनी पुरी होते. वस्तुतः लहान कार्यशाळेत मालक, तपासनीस व खरेदी-अधिकारी हा एकच माणूस असतो आणि तेथे प्रणाली शोधून काढणे अधिक कठीण असते.

याहून मोठी अडचण पहिल्या पायरीवरच होती. तात्पुरत्या परीक्षकाला वर चढण्यासाठी परीक्षणे हवीत. प्रमाणन संस्थेला मात्र ज्याच्या दिवसाचे मोल ग्राहकाकडून घेता येते असा पात्र परीक्षक हवा. शिकाऊ माणूस गटात आला, तर त्याचा प्रवास व मुक्काम यांचा खर्च कोणी सोसावयाचा? मोठ्या संस्थांनी तो आपल्या नोकरांपुरता सोसला. स्वतंत्रपणे काम करू पाहणाऱ्यांनी विनावेतन दिवस घातले, किंवा ते वर्षानुवर्षे पहिल्याच पायरीवर राहिले. ज्या व्यवसायात प्रवेशाचे दार परीक्षेने उघडते व आतली खोली ओळखीने, त्यात गुणवंत माणसे गळतात. या व्यवसायातही तसे झाले.

इतर देश : अमेरिकेत तेथील गुणवत्ता नियंत्रण संस्थेने १९८९ मध्ये प्रमाणन संस्थांच्या अधिस्वीकृतीसाठी एक मंडळ (‘आरएबी’) स्थापन केले व त्याने परीक्षकांचाही नोंदपट चालविला. त्याच संस्थेची ‘प्रमाणित गुणवत्ता परीक्षक’ ही वेगळी परीक्षा होती. तिच्यात परीक्षणाच्या दिवसांपेक्षा लेखी ज्ञानावर व एकूण अनुभवावर भर होता. अमेरिकन मंडळाचा व्यक्ति-प्रमाणन विभाग २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातील समकक्ष संस्थेशी जोडला जाऊन ‘आरएबीक्यूएसए’ ही संस्था बनली. २०१३ पासून ती ‘एक्झेम्प्लर ग्लोबल’ या नावाने चालते. या संस्थेने दिवसांऐवजी क्षमतेवर आधारलेले प्रमाणन पुढे आणले आणि त्यात व्यक्तिगुण मापणारी मानसशास्त्रीय चाचणीही घातली. एका देशातील श्रेणी दुसऱ्या देशात मानली जावी यासाठी नोंदपटांनी आपसांत आंतरराष्ट्रीय संघटनाही उभारल्या. त्यांच्या वारंवार बदलत्या नावांचा तपशील येथे देण्याचे कारण नाही.

भारत : ‘आयएसओ ९०००’ मालिका भारतीय मानक ब्यूरोने १९८८ मध्ये ‘आयएस १४०००’ या क्रमांकाखाली स्वीकारली. पुढे पर्यावरण-व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मालिकेस १९९६ मध्ये नेमका १४००० हाच क्रमांक मिळाल्याने भारतीय क्रमांक गोंधळाचा ठरला व तो सोडून द्यावा लागला. प्रमाणपत्रांची खरी लाट १९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणात आणि यूरोपच्या एकसंध बाजारपेठेच्या धाकाने आली. निर्यात करावयाची तर प्रमाणपत्र हवे, अशी समजूत पसरली व परदेशी प्रमाणन संस्थांनी मुंबई, दिल्ली, बंगलोर येथे कचेऱ्या उघडल्या. त्यांना लागणारे परीक्षक प्रारंभी बव्हंशी अभियांत्रिकी व संरक्षण-उत्पादनातील तपासणी खात्यांतून निवृत्त झालेले किंवा तेथून बाहेर पडलेले होते.

केंद्र सरकार व उद्योजकांच्या तीन राष्ट्रीय संघटना यांच्या सहभागाने १९९७ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषद स्थापन झाली. तिच्या अंतर्गत व्यक्ती व प्रशिक्षण यांच्या नोंदणीसाठी एक राष्ट्रीय मंडळ नेमण्यात आले. पुढे शिक्षण व प्रशिक्षण यांच्या अधिस्वीकृतीचे मंडळ (‘नॅबेट’) असे त्याचे रूपांतर झाले. देशी नोंदपट स्वस्त होता, परंतु परदेशी प्रमाणन संस्थांच्या भारतीय कचेऱ्यांत लंडनच्या नोंदपटाचे वजन अधिक राहिले.

या काळात एक गैरसमज इतका रुजला की त्याची नोंद करणे भाग आहे. पाच दिवसांच्या अभ्यासक्रमाचे प्रचलित नाव ‘लीड ऑडिटर कोर्स’ असे होते. तो उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीस अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे पत्र मिळे. नोंदपटावर तिचे नावही नसे आणि असलेच तर ते पहिल्या पायरीवर. परंतु नोकरीच्या अर्जांवर व भेटपत्रांवर तेवढ्या आधाराने ‘लीड ऑडिटर’ असे छापलेले आढळू लागले. एकही परीक्षण न केलेल्या माणसाने परीक्षक-गटाच्या प्रमुखाची पदवी लावावी, याला अनेकदा अप्रामाणिकपणापेक्षा अभ्यासक्रमाचे नावच कारणीभूत होते. ते बदलण्यात प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांना मात्र स्वारस्य नव्हते, कारण विद्यार्थी त्या नावाकडे पाहूनच येत.

पुण्याच्या परिसरातील मोटार-उद्योगाने वेगळ्या वाटेचा अनुभव घेतला. मोटार-उत्पादकांच्या आंतरराष्ट्रीय कार्यदलाने १९९९ मध्ये ‘आयएसओ/टीएस १६९४९’ हे विनिर्देशपत्रक तयार करविले व २०१६ पासून ते ‘आयएटीएफ १६९४९’ या नावाने स्वतःकडे घेतले. या मानकासाठी तिसऱ्या पक्षाच्या परीक्षकाने कार्यदलाच्या देखरेखीखालील परीक्षा द्यावयाची असते, आणि त्याचे नाव एखाद्या मान्य प्रमाणन संस्थेने पुरस्कृत केल्यासच त्याला ती देता येते. खरेदीदारांनीच परीक्षकाची परीक्षा घेतल्याने येथे अनुत्तीर्ण होणे ही नित्याची व मान्य गोष्ट ठरली. पिंपरी-चिंचवड व चाकण येथील सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांत ‘नाइन थाउजंड’चा आणि ‘टीएस’चा परीक्षक यांच्याविषयी बोलताना आवाजात जो फरक पडे, त्याचे कारण हेच होय.

दिवसांकडून क्षमतेकडे : गुणवत्ता व पर्यावरण या दोन्ही परीक्षणांची मानके एकत्र करून २००२ मध्ये ‘आयएसओ १९०११’ निघाले. त्यात पात्रतेचे कोष्टक पुन्हा दिले होते. अनुभव चाराऐवजी पाच वर्षांचा, त्यातील दोन वर्षे संबंधित क्षेत्रात. चाळीस तासांचे प्रशिक्षण. मागील सलग तीन वर्षांच्या आत चार पूर्ण परीक्षणे व वीस दिवस. प्रमुखासाठी मागील दोन वर्षांच्या आत, जाणत्या प्रमुखाच्या मार्गदर्शनाखाली, आणखी तीन परीक्षणे व पंधरा दिवस. नोंदपटांनी हे कोष्टक जवळजवळ जसेच्या तसे उचलले. मात्र २०११ च्या आवृत्तीतून ते काढून टाकण्यात आले. त्या जागी ज्ञान, कौशल्य व व्यक्तिगत वर्तन यांची वर्णने आली : परीक्षक सचोटीचा, मोकळ्या मनाचा, मुत्सद्दी, निरीक्षणशील, चिकाटीचा, निर्णयक्षम असावा, इत्यादी. ही वर्णने निर्दोष आहेत. चिकाटी किती असली म्हणजे पुरे, हे मात्र कोष्टकात बसत नाही आणि निरीक्षणशक्तीची पावती कोणी द्यावयाची, हा प्रश्न उरतोच.

याचे उत्तर दुसऱ्या एका मानकाने दिले. प्रमाणन संस्थांवर अटी घालणारे ‘आयएसओ/आयईसी १७०२१’ हे मानक २००६ मध्ये निघाले. २०११ मध्ये त्यात परीक्षकांच्या क्षमतेसंबंधीची कलमे विस्ताराने आली व २०१५ मध्ये ते पुन्हा सुधारण्यात आले. त्यानुसार परीक्षकाची क्षमता ठरविण्याची, तपासण्याची व नोंद ठेवण्याची जबाबदारी त्याला कामावर पाठविणाऱ्या प्रमाणन संस्थेची आहे. तिने त्याला प्रत्यक्ष जागेवर काम करताना अधूनमधून पाहिले पाहिजे. नोंदपटावरील श्रेणी असणे हे मानक सक्तीचे करीत नाही. येथे एक मोठे स्थित्यंतर घडले, पण त्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. परीक्षकाची साक्ष पूर्वी त्याच्या मालकाबाहेरची संस्था देई. आता ती प्रामुख्याने मालकच देऊ लागला. आणि मालकाचे उत्पन्न ज्यांचे परीक्षण करावयाचे त्या कारखान्यांकडून येते.

स्थित्यंतराच्या बाजूने सबळ युक्तिवाद होता. नोंदपटाला परीक्षक कागदावर दिसतो. प्रमाणन संस्थेला तो रोज दिसतो. रसायन-कारखान्याचा जाणता रुग्णालयात गोंधळतो, हे वीस दिवसांच्या रोजनाम्यातून कळत नाही. म्हणून क्षेत्रवार क्षमता ठरविण्याचा नवा आग्रह योग्यच होता. परंतु बाहेरची साक्ष दुबळी करून तिच्या जागी तितकीच स्वतंत्र दुसरी साक्ष उभी केली गेली नाही. अधिस्वीकृती संस्थेचे अधिकारी प्रमाणन संस्थेच्या काही निवडक परीक्षणांना साक्षी म्हणून हजर राहतात, हे खरे. पण ती निवड थोडीच असते.

दोन प्रकरणे : परीक्षणाच्या या दुबळेपणाची किंमत काय असते, हे दोन घटनांवरून दिसते. फ्रान्समधील पीआयपी ही कंपनी स्तनांची सिलिकोन-रोपणे बनवी. तिच्या गुणवत्ता-प्रणालीचे परीक्षण टीयूव्ही राइनलँड ही जर्मन संस्था करीत असे. १९९८ ते २००८ या काळात तिने आठ भेटी दिल्या व त्या सर्व पूर्वसूचना देऊन होत्या. रोपणांत वैद्यकीय सिलिकोनऐवजी औद्योगिक सिलिकोन भरले जात होते, हे २०१० मध्ये फ्रेंच अधिकाऱ्यांनी उघडकीस आणले. तोवर ही रोपणे जगभरातील काही लाख स्त्रियांच्या शरीरात बसविली गेली होती. यूरोपीय न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१७ रोजी निर्णय दिला, की अशा संस्थेवर अचानक भेटी देण्याचे किंवा व्यापारी वह्या तपासण्याचे सरसकट बंधन नाही. पण संशयास जागा देणारा पुरावा समोर आल्यास सर्व आवश्यक उपाय योजणे तिला बंधनकारक आहे. पुरावा ‘समोर येणे’ हे परीक्षकाच्या नजरेवर अवलंबून असते. कच्च्या मालाच्या खरेदीची वही मागण्याचे ज्याला सुचले असते, त्याला कदाचित तो दिसला असता.

दुसरी घटना कराचीतील बल्दिया टाउन भागातील अली एंटरप्रायझेस या कपडे-कारखान्याची. कामगारांच्या परिस्थितीविषयीच्या ‘एसए ८०००’ या मानकाचे प्रमाणपत्र त्याला ऑगस्ट २०१२ मध्ये एका इटालियन संस्थेने दिले. प्रत्यक्ष तपासणी पाकिस्तानातील स्थानिक उपसंस्थेकडून झाली होती. त्यानंतर काही आठवड्यांतच, ११ सप्टेंबर २०१२ रोजी, तेथे आग लागून अडीचशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. आग खंडणीखोरांनी लावली, असे २०२० मध्ये तेथील न्यायालयाने ठरविले. परंतु खिडक्यांना गज व बाहेर पडण्याच्या वाटा बंद असल्याने माणसे आत अडकली, ही गोष्ट त्याने बदलत नाही. गज आणि कुलपे पाहण्यासाठी चाळीस तासांचे प्रशिक्षण लागत नाही. ती पाहून, ज्याच्याकडून पैसे यावयाचे त्या मालकासमोर लिहून ठेवण्यासाठी जे लागते, ते कोणत्याही श्रेणीच्या अटींत मोजलेले नाही.

या घटनांनंतर प्रवाह काहीसा उलटला. कामगार-परिस्थिती तपासणाऱ्यांसाठी ‘एपीएससीए’ ही व्यावसायिक संघटना निघाली. तिने नोंदणीकृत, सहयोगी व प्रमाणित अशा पायऱ्या ठेवल्या असून परीक्षा व आचारसंहिता या दोन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या आहेत. वैद्यकीय साधनांसंबंधीच्या यूरोपीय संघाच्या २०१७ च्या विनियमाने तर परीक्षकाच्या पात्रता थेट कायद्यातच लिहिल्या : संबंधित विषयातील पदवी, चार वर्षांचा व्यावसायिक अनुभव आणि त्यातील दोन वर्षे गुणवत्ता-व्यवस्थापनात. उत्पादकाच्या जागी पूर्वसूचना न देता परीक्षण करणेही आता प्रमाणन संस्थेवर बंधनकारक आहे. १९९१ च्या मानकातील चार आणि दोन हे आकडे, मार्गदर्शक मानकातून गेल्यानंतर काही वर्षांनी, अशा रीतीने विधिग्रंथात परत आले.

साथीच्या काळात, २०२० मध्ये, कारखान्यांची दारे बंद झाल्याने परीक्षणे संगणकाच्या पडद्यावरून होऊ लागली व अधिस्वीकृती मंचाच्या नियमांखाली ती मर्यादित प्रमाणात पुढेही चालू राहिली. कारखान्याचा कर्मचारी भ्रमणध्वनीचा कॅमेरा फिरवील तेवढेच परीक्षकाला दिसते. कोठे वळावयाचे, हे त्याला तोंडाने सांगावे लागते. वास, आवाज, कोपऱ्यात लोटलेला नाकारलेला माल हे त्याच्या वाट्याला येत नाहीत. उमेदवाराच्या रोजनाम्यातील ‘जागेवरील दिवस’ या रकान्यात असे किती दिवस धरावयाचे, हा त्यातून निर्माण झालेला वाद आहे.